गावचा वारसा, गावची संस्था

(ग्रामकार्यकर्ते, शिक्षक आणि देवस्थान समित्यांचे सदस्य यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पेडणे तालुक्यातील तुये हे गाव शापोरा नदीच्या उत्तरेकडील मुलखात वसलेले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिळारी म्हणून ओळखली जाणारी ही नदी गोव्यात उतरते, पेडणे महालाची दक्षिण सीमा आखते आणि पश्चिमेस समुद्राला मिळते. नदीच्या वरच्या अंगाला हळर्ण्याचा किल्ला आहे, मुखापाशी शापोऱ्याचा. सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णे १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतले आणि त्या विजयाबद्दल त्यांच्या व्हाइसरॉयला ‘हळर्ण्याचा मार्क्विस’ असा किताब मिळाला. पुढे १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथेच राहिला. एवढा इतिहास पाठ्यपुस्तकांत सापडतो. हळर्ण्याच्या तटबंदीची शासनामार्फत दुरुस्तीही झाली आहे.

परंतु या दोन किल्ल्यांच्या मधल्या गावांत जे उभे आहे त्याचे काय? देवळासमोरची दीपमाळ, वाटेवरची घुमटी, तळीच्या चिरेबंदी पायऱ्या, शिगम्याचा मांड, खाजनाचा बांध आणि त्याची मानस, एखाद्या झाडाखाली अर्धवट मातीत रुतलेला वीरगळ, माळ्यावरच्या पेटीतील जुने दस्तऐवज, ही सर्व इतिहासाचीच साधने होत. त्यांना ना फलक आहे, ना पहारेकरी. त्यांचे जतन कोणी करावयाचे, आणि त्यासाठी स्थापन होणाऱ्या संस्थेत गावाचे स्थान कोणते असावे, हा या पाठाचा विषय आहे.

१. शासनाची मर्यादा आणि नागरिकांचे कर्तव्य

गोव्यातील स्मारकांच्या संरक्षणासाठी ‘गोवा, दमण आणि दीव प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९७८’ हा कायदा आहे. त्याखाली राज्याने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या वास्तू व स्थळांची संख्या पन्नासच्या आसपास आहे. राष्ट्रीय महत्त्वाची काही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. गोव्यातील गावांची संख्या लक्षात घेतली म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती ही की, बहुतेक गावांतील एकही वास्तू कोणत्याही संरक्षित यादीत असणार नाही. यात शासनाचा दोष शोधण्याचे कारण नाही. कोणत्याही शासनाला प्रत्येक घुमटीपाशी रखवालदार बसविता येणार नाही, आणि तसे व्हावे अशी गावाचीही इच्छा नसते.

राज्यघटनेने या बाबतीत जबाबदारीची विभागणी केलेली आहे. अनुच्छेद ४९ अन्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे दायित्व आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. कर्तव्य एकेकट्याचे असले तरी ते पार पाडण्यास संघटना लागते. यासाठीच वारसा-जतनाची संस्था हवी.

२. धोका कोणाच्या हातून?

वारशाचा नाश म्हटला की परकीय आक्रमक, मूर्तिचोर किंवा बेफिकीर पर्यटक डोळ्यांसमोर येतात. हे धोके खोटे नाहीत. तथापि गावातील अधिकांश जुन्या वास्तू आज ज्या कारणाने नाहीशा होत आहेत, ते कारण वेगळे आहे. त्या आपल्याच माणसांच्या हातून, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने पाडल्या जातात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे देवळांचा जीर्णोद्धार. गावातील तरुण मुंबईस, आखातात किंवा जहाजावर नोकरीस जातात. हातात पैसा येतो, आणि पहिली इच्छा होते ती ग्रामदेवतेचे देऊळ ‘चांगले’ करण्याची. चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांब, कौलारू छप्पर आणि मातीचा थंड सभामंडप उतरवून त्या जागी सिमेंटचा सज्जा, गुळगुळीत फरशी आणि रंगीत कळस येतो. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. श्रद्धेत काही उणे नसते. परंतु भिंतीवरचे कावीकाम त्या दिवशी ढिगाऱ्यात जाते.

कावीकाम हे कोकण व गोव्यातील खास भित्तिकलेचे नाव. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा पातळ थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने व कंपासाने खरवडून खालचा पांढरा रंग वर आणावयाचा, अशी ती रीत. त्यातून वेलबुट्टी, पशुपक्षी आणि पुराणातील प्रसंग उमटत. ही चित्रे भिंतीच्या अंगचीच असल्याने भिंत पडली की चित्र गेले. ते उचलून अन्यत्र ठेवणे फार अवघड असते, आणि ते काढणारे हातही आता विरळ झाले आहेत.

दुसरे उदाहरण दुरुस्तीचे. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. या पावसात चिऱ्याची भिंत पाणी शोषून घेते आणि पुढील कोरड्या महिन्यांत ते बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा या देवघेवीस आडकाठी करीत नाही. सिमेंटचा गिलावा मात्र ओल आतच कोंडून ठेवतो. क्षार साचतात, चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन सुटू लागतो आणि पाच-दहा वर्षांत ‘मजबूत’ केलेली भिंत पूर्वीपेक्षा अशक्त होते. गवंड्याने आणि देणगीदाराने जे केले ते मनापासून केले; चुन्याचा गुण त्यांना कोणी सांगितला नाही, एवढेच.

तिसरा धोका जमिनीच्या बदलत्या वापराचा आहे. पेडणे तालुक्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. महामार्ग रुंद झाला. तुये येथे औद्योगिक वसाहत आहे. रोजगार व दळणवळण यांची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र जमिनीला भाव आला की ओसाड वाटणारा सडा, पडीक खाजन आणि वापरात नसलेली पाणंद यांच्यावर प्रथम घाला पडतो. त्या जागी काय होते याची नोंद आधी केलेली नसेल, तर पुढे वाद घालण्यासही आधार उरत नाही.

३. गावाची जुनी व्यवस्था

सामुदायिक जतनाची कल्पना गोव्याला नवीन नाही. बांधबंदिस्ती, पाणी आणि सामाईक जमीन यांचा कारभार गावकारी पाहत असे. देवळांचा कारभार महाजन पाहत. पोर्तुगीज राजवटीने या महाजनसंस्थेला ‘माझानी’ या नावाने कायद्यात बसविले. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांची सभा, निवडलेली समिती, जमाखर्च आणि मौल्यवान वस्तूंची यादी अशी चौकट घातली. या व्यवस्थेत तालुक्याचे मामलेदार देवस्थानांचे प्रशासक असतात.

त्याही पूर्वीचा एक दाखला डिचोली तालुक्यात आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले. भाविकांनी लिंग नदीपार नेऊन डिचोली महालातील नार्वे येथे त्याची स्थापना केली. तेथील मंदिराची पुनर्बांधणी १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाली आणि तसा शिलालेख तेथे आहे. अलीकडे राज्य शासनाने या मंदिराचे जतनकार्य हाती घेऊन २०२३ मध्ये ते पूर्ण केले. राजसत्ता आणि शासन या दोहोंनी आपापला वाटा उचलला; परंतु सर्वांत आधीचा, आणि सर्वांत जोखमीचा वाटा नाव न कळवता काम करून गेलेल्या भाविकांचा होता. त्यांनी तो उचलला नसता तर पुढील दोघांना जतन करण्यासारखे काहीच उरले नसते.

यावरून एक तत्त्व हाती येते. ज्याचा ज्या वस्तूशी रोजचा संबंध आहे, तोच तिचा पहिला रक्षक असतो आणि तोच तिचा पहिला नाश करणाराही होऊ शकतो. जतन-संस्थेने गावाला सोबत घ्यावे असे आपण म्हणतो, ते केवळ सौजन्य म्हणून नव्हे. निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांना वगळून संस्थेला कामच करता येणार नाही.

४. तीन उदाहरणांचा अभ्यास

पहिले उदाहरण कोकणातील कातळचित्रांचे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या जांभ्या सड्यांवर कोरलेली प्राणी, मासे, माणसे व भौमितिक आकृत्यांची चित्रे शोधण्याचे काम रत्नागिरीच्या ‘निसर्गयात्री’ या संस्थेने हाती घेतले. सुधीर रिसबूड व धनंजय मराठे ही त्यातील प्रमुख नावे. हे काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हेत. निसर्गाच्या आवडीने भटकणारे नागरिक. त्यांनी मैलोगणती पायपीट केली, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विचारपूस केली. गुराख्यांना आणि वृद्धांना विचारले. शाळांना सामील करून घेतले आणि ‘सड्यावर कोरलेले काही पाहिले होते का’ असे आपापल्या आजी-आजोबांना विचारून येण्यास मुलांना सांगितले. काही गावांत ही चित्रे पवित्र मानून त्यांची पूजा होत होती; म्हणजे जगाला जे नवे वाटले ते गावाला ठाऊकच होते. उक्षी येथील हत्तीचे चित्र ग्रामस्थांच्या सहभागाने संरक्षित झाले. २०२२ मध्ये कोकणातील कातळचित्रांच्या नऊ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यांपैकी आठ महाराष्ट्रातील, तर एक गोव्यातील कुशावती नदीकाठचे फणसाईमळ हे आहे. फणसाईमळची चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आली, तीही स्थानिक लोकांनी दिलेल्या माहितीमुळेच.

या उदाहरणातील बोध असा की, संस्थेचे पहिले साधन कुदळ-फावडे नसून प्रश्न हे आहे. दुसरा बोध जमीनमालकासंबंधी आहे. बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत. मालकाला चिरे काढून चार पैसे मिळतात, चित्रातून काही मिळत नाही. अशा वेळी त्याला दोषी ठरविल्याने चित्र वाचत नाही. त्याला विश्वासात घेऊन, त्याच्या नुकसानीचा विचार करून मार्ग काढावा लागतो.

दुसरे उदाहरण शहरातील आहे. २००० साली स्थापन झालेल्या ‘गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने पणजीतील फोंताईन्हास या जुन्या वस्तीत कलामहोत्सव भरविला. वस्तीतील कुटुंबांनी आपल्या घरांची दारे उघडली आणि बैठकीच्या खोल्यांत चित्रे मांडली गेली. ज्या घरांत आपण राहतो ती पाहण्यास माणसे दुरून येतात, हे घरमालकांना दिसले. जुन्या घराची दुरुस्ती खर्चाची असते. अभिमान वाटल्यावाचून तो खर्च कोणी सोसत नाही.

तिसरे उदाहरण बार्देशातील रेइश मागूश किल्ल्याचे. एके काळी तुरुंग म्हणून वापरात असलेल्या या किल्ल्याचे जतन राज्य शासन, ‘इंटॅक’ ही १९८४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आणि ब्रिटनमधील हेलन हॅमलिन न्यास यांच्या सहकार्याने झाले. २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांसाठी खुला झाला. येथे तज्ज्ञांचे ज्ञान व मोठा निधी दोन्ही होते. असे मोठे काम गावाच्या संस्थेला झेपणार नाही. पण वास्तू दुरुस्त केल्यानंतर तिला रोजचा उपयोग द्यावा लागतो, नाही तर ती पुन्हा ओसाड पडते, हा धडा लहान वास्तूलाही लागू आहे.

परदेशांतील अनुभवही याच दिशेचा आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर मोडकळीस आले असता सरकारने ते घेतले नाही. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या एका संस्थेने ठिकठिकाणच्या नागरिकांकडून वर्गणी जमवून १८५८ मध्ये ते खरेदीचा करार केला आणि ती संस्था आजही ते सांभाळीत आहे. इंग्लंडमधील ‘नॅशनल ट्रस्ट’ ही १८९५ ची संस्था सामान्य सभासदांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभी आहे.

५. संस्थेची घडण

आता ही तत्त्वे आपल्या परिस्थितीत कशी उतरतील ते पाहू. समजा, तुये येथील काही मंडळींनी गावच्या वारशासाठी संस्था काढावयाचे ठरविले. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमान्वये सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन उद्देशपत्र व नियमावली तयार करून संस्थेची नोंदणी करू शकतात. मूळ अधिनियमातील तीन तरतुदी प्रत्येक सभासदाला ठाऊक असाव्यात. कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे सादर करावी लागते. संस्थेचा उद्देश बदलावयाचा असल्यास तीन-पंचमांश सभासदांची संमती आणि एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या सभेत तिची पुष्टी आवश्यक असते. आणि संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. नफा न कमावणारी संस्था म्हणजे काय, हे या शेवटच्या तरतुदीत नेमके सांगितलेले आहे.

सात नावे कोणतीही चालतील असे कायदा म्हणतो. अनुभव तसे म्हणत नाही. शिक्षक, वकील आणि निवृत्त अधिकारी यांचीच समिती झाली तर कागद चोख राहतात, परंतु देवळाचा निर्णय होताना तिला कोणी विचारीत नाही. म्हणून समितीत महाजनांपैकी कोणी हवा. खाजनाचा बांध सांभाळणारा शेतकरी हवा. चुन्याचे काम केलेला वृद्ध गवंडी आणि कौलारू छप्पर जाणणारा सुतार हवा. ओवी, फुगडी आणि सणवार ज्यांच्या स्मरणात आहेत त्या स्त्रिया हव्यात. त्यांना केवळ हळदीकुंकवापुरते बोलावणे योग्य नव्हे. ज्यांना देवळाच्या मानपानात पूर्वी स्थान नव्हते अशा वाड्यांवरील लोक हवेत, कारण गावचा वारसा म्हणताना त्यांच्या घुमट्या, त्यांचे मांड आणि त्यांच्या श्रमांनी उभे राहिलेले बांध त्यात येतातच. गावातील ख्रिस्ती कुटुंबे आणि त्यांचे क्रूस यांचाही त्यात समावेश आहे. आणि पोटासाठी परगावी गेलेल्यांना पत्राने वा दूरध्वनीने सामील करून घ्यावे, कारण जीर्णोद्धाराचा पैसा पुष्कळदा तेथूनच येतो.

संस्थेने स्वतःस मालक समजू नये. देऊळ महाजनांचे, शेत शेतकऱ्याचे, तळी गावाची. संस्थेने चिटणिसाचे काम करावे: नोंदी ठेवाव्या, माहिती द्यावी, तज्ज्ञ आणून द्यावा, हिशेब मांडावा.

६. कामाचा क्रम

पहिले वर्ष फक्त नोंदीचे असावे. प्रत्येक वस्तूसाठी एक पान: नाव, जागा, मालकी, मोजमाप, कशाचे बनविले आहे, आज स्थिती कशी आहे, तिच्याविषयी कोण काय सांगतो, आणि चार बाजूंची छायाचित्रे. सांगणाऱ्याचे वय व सांगितल्याची तारीख लिहावी. दोन वृद्धांनी दोन वेगळ्या कथा सांगितल्या तर दोन्ही लिहाव्या. त्यांतील एक खरी ठरविण्याची घाई करू नये. हे काम शाळेतील मुले उत्तम करतात. शेजारच्या आगरवाड्याचेच नाव घ्या. ‘आगर’ म्हणजे मिठागर, तसेच नारळी-पोफळीची बागही. गावाचे नाव यांपैकी कशावरून आले असेल, असा एक प्रश्न मुलांना दिला की ती घरोघर जाऊन मिठाचा, पाण्याचा आणि शेतीचा सारा इतिहास घेऊन येतील.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत व एक देवस्थानात ठेवावी आणि ग्रामसभेपुढे तिचे वाचन व्हावे. वाचनात चुका निघतील. त्या निघाव्यात, हाच वाचनाचा हेतू आहे. ज्याने चूक दाखविली तो त्या क्षणापासून कामात सामील झालेला असतो.

दुसरे काम देखभालीचे. यास पैसा थोडा लागतो, नियमितपणा फार. पावसाळ्यापूर्वी कौले परतावी, पन्हळी साफ कराव्या, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचणार नाही असा उतार द्यावा. तटाच्या किंवा दीपमाळेच्या भेगेत उगवलेले वडा-पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच काढावे. ते मनगटाएवढे झाले की दगड फोडल्यावाचून निघत नाही, आणि ओढून काढल्यास दगडच निखळतो. पावसाळा संपला की पुन्हा एक फेरी मारून नवीन भेगा नोंदवाव्या. वर्षातील हे दोन दिवस जे गाव पाळते त्याला मोठ्या दुरुस्तीची वेळ फार उशिरा येते.

तिसरे काम दुरुस्तीचे, आणि ते तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून करू नये. जुन्याशी जुळणारे साहित्य वापरावे, शक्य तेवढे मूळ राखावे, आणि नवे काय घातले ते लिहून ठेवावे. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय साधा गिलावाही करू नये.

जीर्णोद्धाराचा विषय निघाला असेल तर संस्थेने विरोधक म्हणून उभे राहू नये. महाजनांच्या सभेत जाऊन तीन गोष्टी मांडाव्या: दुरुस्तीचा खर्च आणि नव्या बांधकामाचा खर्च यांची तुलना, भिंतीवरील व लाकडावरील कामाची छायाचित्रे, आणि गर्दीसाठी जागा हवी असल्यास जुने देऊळ न पाडता बाजूला मंडप उभारण्याचा नकाशा. देवाचा कौल घेऊन काम करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. कौलापुढे प्रश्न कसा ठेवला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘देऊळ नवे करू काय’ असे विचारण्याबरोबरच ‘आहे तेच सावरून ठेवू काय’ असेही विचारता येते. मानकऱ्यांना हे पटवून देणे बाहेरच्या तज्ज्ञाला जमणार नाही. ते गावच्याच माणसाला जमेल.

७. काही सावधगिरी

वारशाच्या नोंदीवरून हक्काचे वाद उभे राहू शकतात. मान कोणाचा, जमीन कोणाची, पालखी प्रथम कोणाच्या दारी, हे प्रश्न संस्थेने हाती घेऊ नयेत. आपली नोंद हा मालकीचा पुरावा नाही, असे प्रत्येक पानावर स्पष्ट लिहावे.

खोदताना नाणी, मूर्ती वा अन्य ठेवा सापडल्यास तो लपविणे हा गुन्हा आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावशेष ठरू शकतात. ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. संस्थेने स्वतः उत्खनन कधीही करू नये. वीरगळ वा मूर्ती ‘सुरक्षित राहावी’ म्हणून जागेवरून हलविण्याआधीही पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा, कारण वस्तू कोठे उभी आहे यातच अर्धा इतिहास असतो.

प्रसिद्धीचेही भान ठेवावे. एकाकी जागेतील जुन्या मूर्तीचे छायाचित्र पत्त्यासह सर्वत्र पाठविणे म्हणजे चोराला वाट दाखविणे होय.

पैशाचा हिशेब देवळाच्या उत्सवाप्रमाणे सर्वांसमोर वाचावा. जमा रक्कम लहान असली तरी वाचावी. संस्थांवरचा विश्वास मोठ्या अपहारानेच उडतो असे नाही. न सांगितलेल्या लहान खर्चानेही तो हळूहळू झिजतो.

समारोप

हळर्ण्याच्या किल्ल्याला शासन आहे, नार्व्याच्या देवळाला इतिहासाचे वलय आहे. तुयेसारख्या गावातील घुमटीला, तळीला आणि बांधाला मात्र तुये सोडून कोणी नाही. त्यांच्याविषयी माहिती असलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. वास्तू मोडकळीस आली तर पैशाने सावरता येईल. तिच्याविषयीची आठवण मावळली तर ती कोणत्याही अनुदानातून परत मिळणार नाही. म्हणून इमारतनिधी, फलक, उद्घाटन यांची वाट न पाहता नोंदवही आजच उघडावी. संस्थेची नोंदणी नंतर झाली तरी चालेल.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील पन्नास वर्षांहून जुन्या दहा वास्तू, वस्तू वा जागांची यादी करा. प्रत्येकीविषयीचा निर्णय कोणाच्या हाती आहे?

२. गेल्या वीस वर्षांत गावातील कोणती जुनी वास्तू पाडली गेली? कोणत्या हेतूने? तिचे छायाचित्र कोणाकडे आहे काय?

३. चुन्याचे, कौलांचे किंवा मानशीचे काम जाणणारी कोणती माणसे गावात आहेत? त्यांच्याकडून कोणी शिकत आहे काय?

४. गावात वारसा-संस्था काढावयाची झाल्यास पहिली सात नावे कोणती असावीत? त्यांत गावातील कोणता वाडा राहून गेला?

५. देवस्थानच्या पुढील सभेत जीर्णोद्धाराचा प्रस्ताव आला, तर आपण कोणती माहिती हाती घेऊन जाल?